कोळंबीचे आंबवण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी ना कोणी शिकलेल्या बाई बाहेरून येतात आणि आपण त्यांचे चार शब्द ऐकतो. यंदा चिटणीसबाईंच्या मनात आले की घरच्याच बाईने बोलावे, आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी सातवी शिकलेली. आठवीची शाळा खाडीपलीकडे होती, तिथे माझे शिक्षण थांबले. उखाणा घेण्यापलीकडे चारचौघांत मी कधी तोंड उघडलेले नाही. तेव्हा माझे चुकले तर हसा, पण मनातल्या मनात हसा, नाहीतर मी खाली बसेन.

मी म्हटले होते की लोणच्यावर बोलते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, लोणचे सगळ्यांनाच येते. तुमच्या मागच्या पडवीत ते निळे पिंप असते आणि त्यातून आंबट वास येतो, त्याच्याविषयी बोला. त्या पिंपाविषयी गावात बऱ्याच वदंता आहेत हे मला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या वहिनींनी एकदा हळूच विचारले होते, “काय गं, तुमच्याकडे भट्टी लागते की काय?” तर भगिनींनो, त्या पिंपात दारू नाही. त्यात भाताचा कोंडा, गूळ आणि बेकरीत मिळते ते यीस्ट असते. ते आमच्या कोळंबीसाठी असते. आज त्याचीच हकिकत सांगते, आणि त्याबरोबर आणखीही एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

आमची जमीन खाडीकाठची, खारजमीन. २००५ सालच्या जुलैत तो मोठा पाऊस झाला, तेव्हा बांध फुटला आणि उघाडी वाहून गेली. भरतीचे पाणी आत शिरले ते शिरलेच. पुढे काही वर्षे आम्ही भात लावून पाहिले, पण लोंब्या पोचट. शेवटी ह्यांनी रीतसर नोंदणी करून ५० गुंठ्यांचे तळे केले. नोंदणी लागते बरं का. १९९४-९५ च्या सुमारास आपल्या देशात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि कोळंबीवाले बुडाले, त्याच काळात शेजारच्यांच्या विहिरी खारट झाल्याच्या तक्रारीही झाल्या. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९९६ साली निकाल लागला आणि २००५ साली त्यासाठी कायदा झाला. तेव्हापासून किनाऱ्यावर कोणालाही वाटेल तसे तळे खणता येत नाही, आणि ते बरेच आहे. पूर्वी लोक आपली वाघी कोळंबी वाढवीत. २००९ पासून सरकारने व्हॅनामेई जातीला परवानगी दिली. ती मूळची अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची. आता बहुतेक तळ्यांतून तीच असते.

आता हा ‘ग्रोथ प्रमोटर’ म्हणजे काय? आपल्याकडे त्याला ‘वाढीचे औषध’ म्हणतात. हा शब्द कोंबड्यांच्या धंद्यातून आलेला आहे. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे दिसून आले की एक जंतुनाशक औषध बनवताना जो चोथा उरतो, तो कोंबड्यांना चारला तर पिल्ले भराभर वाढतात. मग काय, आजार असो वा नसो, जंतुनाशक औषध रोजच्या खाद्यात घालायचा प्रघात पडला. त्याचा परिणाम पुढे असा झाला की जंतू त्या औषधांना सरावले. आपल्या नातवाला ताप आला आणि डॉक्टरांनी औषध दिले, तरी ते लागू पडत नाही अशी वेळ यायला लागली. युरोपातल्या देशांनी १ जानेवारी २००६ पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात अशी औषधे घालणे बंद केले. आपल्याकडेही कोळंबीच्या तळ्यात क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान अशा औषधांना बंदी आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे पूर्वी विषमज्वरावर देत असत, इथल्या आजींना आठवत असेल. ते क्वचित एखाद्याच्या हाडांतल्या मगजावर जाते आणि रक्त तयार होणेच थांबते. म्हणून कोळंबीत त्याचा कणही चालत नाही.

जंतुनाशकांना बंदी आली तेव्हा दुकानदारांनी दुसरी बाटली पुढे केली, तिचे नाव ‘सेंद्रिय वाढवर्धक’. सेंद्रिय म्हटले की आपल्याला वाटते शेणखत, गांडूळखत, म्हणजे देवाघरचेच. तसे चांगले प्रकार आहेतही. कोणी लसूण-हळदीचा अर्क विकतात, कोणी समुद्रातल्या शेवाळाचा, कोणी पोटाला हितकारक जंतूंची पूड, कोणी लिंबातल्या आम्लासारखी सौम्य आम्ले. यांवर बऱ्याच ठिकाणी प्रयोग झाले आहेत आणि प्रमाणात घातल्यास गुण येतो असे बऱ्याच प्रयोगांतून दिसले आहे. पण बाटलीवर हिरवे पान छापले म्हणून आत पानच असते असे नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी हा प्रकार झाला. मोटारसायकलवरून एक मनुष्य आला, दोन बाटल्या देऊन गेला. वर हिरवे पान, आत काय आहे त्याचा उल्लेख नाही, नोंदणीचा आकडा नाही, बिलही नाही. पंधरा दिवसांत कोळंबी चांगली वाढली, टरफलाला चकाकी आली. सगळे खूश. काढणीआधी व्यापाऱ्याने नमुना तपासायला नेला, तर त्यात बंदी असलेले औषध निघाले. ते त्या बाटलीतूनच आले हे काही कोणी सिद्ध केले नाही, पण दुसरे काही त्या तळ्यात पडलेलेच नव्हते. परदेशी जाणारा माल नाकारला गेला. २०१६ साली युरोपने आपल्या तळ्यांतल्या मालापैकी दर दहातल्या एकाऐवजी निम्म्या खेपा तपासायला सुरुवात केली होती, तेव्हापासून व्यापारीही जपून असतात.

मग ती कोळंबी गेली कुठे? भगिनींनो, ती पुरली नाही. ती इथल्याच बाजारात पाट्या लावून विकली गेली. त्या आठवड्यात कोळंबी स्वस्त झाली म्हणून आपण सगळ्यांनी आणली. मीसुद्धा आणली. कुठली ते मला नंतर कळले. परक्यांच्या ताटाला जी चालली नाही, ती मी माझ्या मुलांना खोबऱ्याच्या वाटणात करून वाढली होती. आणि तळ्याचे पाणी सोडले ते खाडीतच. त्याच खाडीत आपल्यातल्या निम्म्या बायका ओहोटीला कालवे फोडायला आणि मुळे वेचायला जातात. त्या दिवसापासून मी ह्यांना सांगून ठेवले की ज्या बाटलीवर आतल्या जिनसांची यादी नाही ती आपल्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. जंतुनाशक नसलेल्या मालाची नोंद चेन्नईची कोस्टल ॲक्वाकल्चर ॲथॉरिटी करते, तो आकडा डब्यावर असतो. तो मी चष्मा लावून वाचते. दुकानदार हसतो, त्याला हसू द्यावे.

पिंपाची सुरुवात अशी झाली. ह्यांनी एका शिबिरात ऐकले की आंध्रात आणि तामिळनाडूत शेतकरी कोंडा आंबवून तळ्यात घालतात. शिबिराला बोलावणे पुरुषांनाच असते, तळ्यावरचे काम मात्र निम्मे बायका करतात, हे जाता जाता सांगते. घरी येऊन हे म्हणाले, असे असे काहीतरी आंबवायचे आहे. मी म्हटले, “आंबवायचे ना? मग ते माझ्यावर सोपवा.” आंबोळ्यांचे पीठ रोज आंबवणारीला कोंड्याचे काय मोठे?

रीत सांगते. भाताचा बारीक कोंडा वीस किलो. तूस नको, तूस आंबत नाही, नुसते तळाशी बसते. गूळ पाच किलो, म्हणजे दहाच्या ढेपेतली अर्धी. काळा, हलका गूळ चालतो, पण तो रसायनाने पांढरा केलेला नसावा. यीस्ट मूठभर, कोमट पाण्यात फुलवून. पिंपात दीडशे लिटर गोडे पाणी, आणि शोभेच्या माशांच्या पेटीत बुडबुडे सोडतात तसला लहान पंप. झाकण घट्ट लावायचे नाही, फडके बांधायचे. उन्हाळ्यात एका दिवसात आणि थंडीत दोन दिवसांत ते तयार होते. वास कसा यावा? आंबोळ्यांच्या पिठासारखा, थोडा गोडूस. कुजकट किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर ते गेले असे समजावे आणि लोभ न धरता खड्ड्यात ओतावे. चांगले असेल तर जुन्या पातळातून गाळायचे. रस तळ्याला, चोथा माडांच्या मुळाशी. आमच्या दोन माडांना तेव्हापासून चांगलेच नारळ धरतात, तेवढा हा वरकड नफा.

आता हा रस करतो काय? पुष्कळांना वाटते की कोळंबी तो पिते आणि फुगते. तसे नाही. बीज तळ्यात सोडतो तेव्हा ते पापणीच्या केसाएवढे असते. त्याला कारखान्याच्या गोळीपेक्षा पाण्यातले बारीक जीव आवडतात. आंबवणामुळे पाण्यात चांगले जंतू वाढतात, ते जंतू खाणारे सूक्ष्म प्राणी वाढतात, आणि बाळ-कोळंबीचे पोट त्यावर भरते. हा पहिल्या महिन्याचा उपयोग.

दुसरा उपयोग जरा शाळेतल्या धड्यासारखा आहे, पण समजून घ्या. कोळंबीच्या खाद्यात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रथिने असतात आणि ते महाग असते. त्यातल्या नत्रापैकी जेमतेम चौथा हिस्सा तिच्या अंगी लागतो. बाकीचा विष्ठेतून, उरलेल्या गोळ्यांतून पाण्यात जातो आणि त्याचा अमोनिया होतो. म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असले की खोलीत वास येतो ना, त्यातलाच तो प्रकार, फक्त कोळंबीला खोलीबाहेर पडता येत नाही. पाण्यात जंतू असतात, त्यांना अमोनिया खाऊन आपले अंग वाढवता येते, पण त्यासाठी त्यांना गोड, पिठूळ असे काही लागते. ते आपण गुळातून देतो. इस्राएल देशातल्या योराम अव्निमेलेख नावाच्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली याचा हिशेब मांडला की एक किलो नत्र आवरायला वीस किलो पिठूळ पदार्थ लागतो. मग त्या जंतूंचे पुंजके होतात, तेही कोळंबी खाते. म्हणजे जे वाया गेले होते त्यातले थोडे परत तिच्या पोटात.

लसणाचेही विचारतात. मी एक किलो खाद्याला दहा ग्रॅम लसूण आणि चिमूटभर हळद वाटून लावते. कोळंबी गोळी गिळत नाही, हातात धरून कुरतडत बसते, तोवर वरचे निम्मे धुऊन जाते. म्हणून अंड्यातल्या पांढऱ्यात कालवून लावते आणि सावलीत वाळवते. हे आठवड्यातून दोन-तीन दिवस. रोज नाही, आणि जास्त तर नाहीच. एकदा चव यावी म्हणून मी हात सैल सोडला, तर खाद्य तसेच्या तसे ताटलीत उरले.

गुण आला का? खरे सांगते. आधी आम्हाला एक किलो कोळंबी व्हायला १ किलो ६०० ग्रॅम खाद्य लागत होते, ते १ किलो ४०० ग्रॅमवर आले. २,२०० किलोच्या पिकाला ४४० किलो खाद्य वाचले, तेव्हाच्या भावाने चाळीस हजारांच्या आसपास. हे सगळे पिंपाचे पुण्य असे मी पहिल्यांदा सांगत सुटले होते. पण त्याच पिकापासून मी तळ्यातल्या ताटल्या दोन-दोन तासांनी उचलून पाहायला लागले होते. खाद्य उरले की पुढच्या वेळी कमी, संपले की थोडे अधिक. तेव्हा चाळीस हजारांतले किती आंबवणाचे आणि किती ताटल्या पाहण्याचे, हे मला सांगता येणार नाही. दोन तळी असती तर एकात घालून आणि एकात न घालता पाहिले असते.

आता ती गोष्ट.

२०२२ चा मे महिना. कोळंबी सत्तर दिवसांची झाली होती, एकेक बारा ग्रॅमची. माझ्या दोन पाटल्या सोसायटीत गहाण होत्या, त्या या पिकावर सुटायच्या होत्या, आणि थोरलीचे कॉलेजही त्यावरच होते. हे भाच्याच्या लग्नाला चिपळूणला गेले होते. तळे माझ्यावर आणि गड्यावर. मी बाटलीतल्या रसायनाने पाणी तपासले तर अमोनिया वाढलेला. मला वाटले, हे परत येतील तेव्हा पाणी कसे लख्ख करून दाखवीन! अर्ध्या ढेपेने इतका गुण येतो तर दोन ढेपांनी किती येईल? संध्याकाळी सहा वाजता मी पिंपभर आंबवण आणि वर दोन ढेपा गूळ विरघळवून, एवढे सगळे तळ्यात ओतले. दिवसभर आभाळ आलेले होते. ते मी पाहिले होते, पण कपडे वाळले नाहीत एवढाच त्याचा अर्थ माझ्या डोक्यात होता.

रात्री साडेअकराला वळवाचा वारा सुटला आणि लाइट गेली. गड्याने जनरेटर लावला. त्यावर चारांपैकी दोन एरेटर चालतात. आदल्या वर्षी यापेक्षा जास्त वेळ लाइट गेली होती आणि दोन एरेटरवर रात्र निभावली होती, म्हणून मी निजले. साडेतीनला कशाने जाग आली कोण जाणे. बॅटरी घेऊन बांधावर गेले. पाण्याच्या काठाकाठाने, जिथवर उजेड पोचत होता तिथवर, निखाऱ्यासारखे बारीक लाल डोळे दिसले. कोळंबी तळाशी राहणारी, ती सगळी वर आली होती, आणि नुसती काठाला लागून होती. मी पाण्यात हात घातला तर हातावरून सरकलीसुद्धा नाही.

उजाडल्यावर दिसले ते सांगण्यासारखे नाही. मेलेली कोळंबी बुडते, त्यामुळे वरून तितके वाटत नाही. जाळे ओढले तेव्हा कळले. साडेतीनशे किलो काढली. मे महिन्याच्या उष्म्यात ती विकण्याजोगी राहिली नव्हती. चुना घालून पुरली. सासूबाईंनी काही न बोलता पेज करून माझ्यापुढे ठेवली.

हे परत आले, त्यांनी पिंप पाहिले, गुळाचे रिकामे कागद पाहिले. मला एक शब्द बोलले नाहीत. गावात कोणी विचारले तर म्हणाले, “लाइट गेली, काय करणार?” आणि गावाने ते मानले. तुम्हीही मला तसेच म्हणून समजावायला आलात, इथे बसलेल्या कितीतरी जणी. मी मान हलवली. भगिनींनो, लाइट गेली हे खरे, पण कोळंबी लाइटीने मेली नाही.

मागाहून मी मत्स्य महाविद्यालयातल्या एका सरांना विचारले, तेव्हा त्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला तो माझ्या मनातून जात नाही. आमच्या तळ्यात साठ लाख लिटर पाणी. चांगल्या पाण्यात लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम प्राणवायू असतो. चार धरला तर अख्ख्या तळ्यात मिळून अवघा २४ किलो. एवढ्या मोठ्या तळ्यात दोन पोत्यांच्यासुद्धा वजनाचा नाही! आणि वीस किलो गूळ जंतूंनी पुरता जाळायचा म्हटला तर जवळजवळ वीस किलो प्राणवायू लागतो. सगळा काही एका रात्रीत जळत नाही, पण निम्मा जरी जळला तरी कोळंबीला काय उरले? दिवसा ऊन असते तेव्हा पाण्यातले हिरवे शेवाळ प्राणवायू बनवते. रात्री तेच शेवाळ तो घेते. म्हणून पहाटेच्या आधी पाण्यात सर्वांत कमी प्राणवायू असतो. आभाळ असले की दिवसाची कमाईही नसते. मी नेमके ढगाळ दिवशी, संध्याकाळी, चौपट गूळ घातला होता. आपल्या हाताने पाहुण्यांची पंगत बोलावली आणि घरच्यांच्या नाकातली हवा त्यांना वाटून टाकली.

उरलेले पीक निघाले, भाव बरा मिळाला, थोरलीचे कॉलेज चुकले नाही. पाटल्या मात्र पुढल्या वर्षी सुटल्या.

तुम्ही म्हणाल, मग पिंप फोडून का टाकले नाही? आठ-दहा महिने ते पालथेच होते. पण दोष पिंपाचा नव्हता. मिठाचा हात जास्त पडला म्हणून कोणी मीठ सोडत नाही. आता माझी रीत ठरलेली आहे. आंबवण घालायचे ते सकाळी नऊच्या पुढे, ऊन पाहून. चारही एरेटर चालू ठेवून. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, साठ दिवसांनंतर प्रमाण निम्मे, कारण तोवर कोळंबीही मोठी आणि श्वासही मोठा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बरीच कोळंबी कात टाकते, तेव्हा ती नाजूक असते आणि तिला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत नाही. ताटलीत खाद्य उरलेले दिसले तर नाही. आधी का उरले ते शोधायचे. आणि रोग आला असेल तर आंबवण हे औषध नव्हे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला कोणतीच कांजी आणि कोणतीच बाटली उपयोगी पडत नाही. कोळंबीला आपल्यासारखी लसही टोचता येत नाही. तपासलेले, रोगमुक्त बीज आणणे एवढेच हाती असते, आणि तिथे चार पैसे वाचवायला जाऊ नये.

हे सगळे मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णयाच्या चौकोनांत लिहिते. दुधाचा हिशेब वरच्या कोपऱ्यात, आंबवण खालच्या. किती किलो कोंडा, किती गूळ, आभाळ कसे, ताटलीत काय उरले. परवा व्यापाऱ्याच्या माणसाने विचारले की या पिकात काय काय घातले त्याची नोंद दाखवा, तेव्हा ह्यांनी वही शोधली ती सापडेना. मी भिंतीवरचे कालनिर्णय काढून त्यांच्या हातात दिले. तो मनुष्य मार्चपासूनची पाने उलटत बसला आणि म्हणाला, “ही नोंद कोणी ठेवली?” हे म्हणाले, “आमच्या मंडळींनी.” एवढ्यावर मी खूश झाले.

आपल्या मंडळातल्या चार घरी तळी आहेत आणि दोन घरी यंदा व्हायची आहेत. त्या घरच्या बायकांना माझे सांगणे आहे की बाटली घरात आली तर तुम्ही वाचा. वाचता आले नाही तर माझ्याकडे घेऊन या. आणि ज्यांच्याकडे तळे नाही त्यांनी बाजारात विचारत जा, ही कोळंबी कुठल्या तळ्यातली, नाकारलेल्या मालातली तर नाही ना. चार जणींनी विचारले तर पाचवीला विकताना तो विचार करील.

माझा वेळ कधीच संपला, अध्यक्षाबाई मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत. ज्यांना पिंप बघायचे असेल त्यांनी येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता यावे. बुधवारी घातलेले आंबवण गुरुवारी तयार असेल, वास घेऊन बघा, हात घालून बघा. गाळायला जुने पातळ कोणाकडे असेल तर आणा, माझे फाटले आहे. मात्र सकाळी उठून आधी आभाळ बघा. ढग असतील तर येऊ नका, त्या दिवशी मी घालत नाही.